मेढीपासूनचं अंतर

यंदा डब्यात कणीस आलं नाही.

एवढ्यानं कुणाला काही कळणार नाही, म्हणून आधी आमच्या घरची रीत सांगतो. मी वळसंगचा. सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पेठेतल्या एका खोलीत राहतो, आणि माझा डबा रोज सकाळच्या एस.टी.नं गावाहून येतो. आई तो फडक्यात बांधून कंडक्टरच्या हवाली करते, मी स्टँडवर जाऊन उतरवून घेतो, आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत पाठवतो. आईला आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लिहिता-वाचता येत नाही. काही कळवायचं असलं की ते डब्यातूनच कळवतात. फडक्याच्या गाठीत हळकुंड असलं तर भावकीत कुणाचं तरी लग्न ठरलंय. कडुलिंबाचा पाला असला तर घरात कांजिण्या आल्यात, इकडं फिरकू नकोस. आणि ज्वारीचं एक कणीस असलं तर खळं लागलंय, माणूस कमी आहे, ये.

आमच्याकडची ज्वारी रब्बीची. दिवाळीच्या आधी पेरायची, शिमग्याच्या मागंपुढं काढायची. कॉलेजच्या परीक्षाही नेमक्या तेव्हाच. त्यामुळे परीक्षा म्हटलं की इतरांना काय आठवतं ते मला ठाऊक नाही. मला अंगाला खाजणारं ज्वारीचं भूस आठवतं. आज दुपारी पुस्तक उघडून बसलो होतो. बाहेर ऊन इतकं पांढरं की समोरची भिंत दिसेनाशी झालेली, कुठल्या तरी मिलचा भोंगा लांबून आल्यासारखा वाजला, आणि दाराच्या फटीतून पोस्टमननं एक कार्ड आत सरकवलं. माझ्या मित्राचं, श्रीनिवासचं. इचलकरंजीहून. त्यावर एवढंच होतं:

"ग्रह आकसला. वजन तेवढंच, त्रिज्या निम्मी. तुझं यान जिथं होतं तिथंच आहे. आता त्याचा वेग किती? विचार करून लिही, घाई नाही."

मी कार्ड उपडं घातलं, पुन्हा सुलटं केलं. पुस्तक मिटलं. मग बराच वेळ मी काही वाचलं नाही. दोन वर्षांपूर्वीची परीक्षेची ती सुगी खोलीत येऊन बसली होती आणि तिला उठून जा म्हणणं मला जमेना.

*

ती सांगायची तर त्याच्याही आदल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते, आणि ती गोष्ट माझ्या अभिमानाची नाही. मी पहिल्या वर्षाला नापास झालो होतो. ज्या एप्रिलात आपल्या देशाचा पहिला उपग्रह वर गेला, त्याच एप्रिलात मी भौतिकशास्त्राच्या पेपरात उपग्रहांविषयी चूक लिहून आलो. प्रश्न असा होता की एक उपग्रह पृथ्वीच्या जवळून फिरतो, दुसरा लांबून, तर कोणाचा वेग जास्त. मला हसू आलं होतं, इतका सोपा वाटला. आकडेमोडही केली नाही. लांबच्याचा जास्त, असं लिहिलं, आणि त्याच आधारावर पुढची दोन गणितं सोडवली.

हे मी पुस्तकातून शिकलो नव्हतो. लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं होतं. खळ्याच्या मधोमध एक खांब रोवतात, त्याला मेढ म्हणतात. भोवती कणसं पसरायची आणि चार बैल एका दाव्यात शेजारी शेजारी जुंपून मेढीभोवती फिरवायचे. या बैलांच्या रांगेला आमच्याकडे पात म्हणतात. मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो, आणि कडेच्या बैलाला तेवढ्याच वेळात सगळ्या खळ्याला वळसा घालावा लागतो. म्हणून म्हातारा बैल मेढीजवळ बांधायचा आणि तरणा कडेला. आमच्या घरी हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. जो लांब, तो पळतो. मग आकाशात वेगळं का असावं?

निकाल लागला तेव्हा आप्पा रागावले नाहीत. मला तेच जड गेलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. नापास झालेल्यावर रागवायचं कसं, हेही घरात कुणाला माहीत नव्हतं. जूनमध्ये ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी सुटायच्या वेळी खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "आनि एक डाव बस. न्हाई झालं तर मेंढरं हायतच की."

त्यात धमकी नव्हती. घरी मेंढरं होती, ती कुणीतरी राखायला हवी होती, इतकं साधं होतं ते. पण त्या वर्षभर मी जेव्हा जेव्हा पुस्तक उघडलं, तेव्हा पानाच्या पलीकडे मला ती मेंढरं शांतपणे चरताना दिसत. ती माझी वाटच पाहत होती.

*

श्रीनिवास त्या वर्षी माझ्या बाकावर आला. वयानं माझ्याहून एक वर्षानं लहान. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांचं घर त्याचं, घरात तेलुगू. त्याचे वडील चादरींची नक्षी काढत. बारीक चौकटींच्या मोठ्या कागदावर एकेक चौकट रंगवून ते मोर काढत, कमळं काढत, आणि त्या चौकटींवरून पुढं मागावर धागे उचलले जात. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा मागांच्या खडखडाटात कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. त्याच्या आईनं हातानं खूण करून "रा, कूर्चो" म्हटलं. शब्द कळले नाहीत, पण पाट सरकवलेला दिसला. बसलो.

बिघडलेले नक्षीचे कागद श्रीनिवास कॉलेजात आणायचा. एका बाजूला अर्धवट मोर, दुसरी बाजू कोरी चौकटींची. फेब्रुवारीत तासांना सुट्टी लागली. खोल्यांवर पत्रे, दुपारी आत बसवत नसे, म्हणून आम्ही किल्ल्याच्या बागेत लिंबाखाली जाऊन अभ्यास करायचो. तिथं एका दुपारी त्यानं कागद पसरला, आईची बांगडी ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "हा ग्रह. चल, फिरू."

असा तो खेळ सुरू झाला. आम्ही त्याला नाव कधीच दिलं नाही.

ग्रहाभोवती वर्तुळं काढलेली. एक केंद्रापासून चार चौकटींवर, एक नऊ, एक सोळा. श्रीनिवासचं यान म्हणजे निळा काचेचा मणी, माझं म्हणजे खिशातला ज्वारीचा दाणा. प्रत्येकानं आपल्या पाळीला आपल्या वर्तुळावरून ठरलेल्या वेगाइतक्या चौकटी पुढं जायचं. वर्तुळ बदलायचं असेल तर नवा वेग तोंडानं सांगायचा. कमी सांगितला तर यान ग्रहावर पडलं, फार जास्त सांगितला तर कागदाबाहेर गेलं. आणि जिंकायचं म्हणजे पुढच्या यानाला गाठायचं.

वेगांचा तक्ता करायचं काम मी मागून घेतलं. मला वाटलं, हे तरी मी चांगलं करीन. चाराच्या वर्तुळाला तीन, नवाच्या वर्तुळाला चार, सोळाच्या वर्तुळाला सहा. सुवाच्य अक्षरात लिहून त्याच्यापुढं ठेवला. श्रीनिवासनं तो वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला.

"तुझी यानं कडबा खातात का रे?"

मला कळेना. मग त्यानं पेन्सिल घेतली आणि सावकाश समजावलं. वेगाचा वर्ग म्हणजे ग्रहाचं वजन भागिले केंद्रापासूनचं अंतर. वजन एकशे चव्वेचाळीस धरू. चारानं भागलं की छत्तीस, त्याचं मूळ सहा. नवानं भागलं की सोळा, मूळ चार. सोळानं भागलं की नऊ, मूळ तीन. माझे आकडे बरोबर होते; फक्त उलटे बसवले होते. जवळच्याला सहा, लांबच्याला तीन. अंतर चौपट, वेग निम्मा.

मी मान हलवली. गणित मला येत होतं. ते खरं आहे यावर मात्र विश्वास बसत नव्हता. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, लाज वाटली. पण भीती तिथंच होती. परीक्षेत घाई झाली की माझा हात सूत्राकडं जाणार नाही, खळ्याकडं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकदा गेलाच होता. आणि या वेळी गेला तर मेंढरं.

*

तरीही ते दिवस आठवले की भीती आधी आठवत नाही. लिंबाची बारीक पिवळी पानं कागदावर गळत ते आठवतं. पान पडलं की श्रीनिवास म्हणायचा, धूमकेतू आला, थांब, जाऊ दे. किल्ल्याजवळच्या तळ्याकडून कधी ओल्या गाळाचा वास येई. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आम्ही कागदाच्या कडेलाच ठेवून खायचो, त्यामुळे आमच्या आकाशाच्या एका कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. तो कोपरा आम्ही टाळायचो. तिथं यानानं जाऊ नये असा नियमच केला होता.

एकदा माझं यान चिमणीनं नेलं. माझी पाळी होती, मी वेग सांगतच होतो, आणि ती आली, दाणा चोचीत धरला आणि गेली. श्रीनिवास म्हणाला, सगळ्या बागेत कागद सोडून निघण्याचा वेग एका तिलाच साधला. मी खिशातून दुसरा दाणा काढून ठेवला. यानांचा मला तोटा नव्हता.

पुढंपुढं ग्रह वाढले. वाटी ठेवून काढलेला मोठा ग्रह होता, त्याचं नाव कापूस. आकारानं मोठा, वजनाला हलका, फक्त छत्तीस. त्याच्या अंगालगत जायचं तरी केंद्रापासून नऊ चौकटी दूर राहावं लागे, आणि तिथं वेग अवघा दोन. कापसाभोवती यान इतकं हळू सरके की पाहता पाहता डोळे जड होत. मला ते फार आवडायचं. मी हरत असलो तरी मुद्दाम कापसाभोवती एक फेरा घालून यायचो. दुसरा ग्रह सुपारी. सुपारीएवढाच छोटा, आणि वजन एकशे चव्वेचाळीस. त्याच्या अगदी कानाशी जाता येई. एका चौकटीवर गेलं तर वेग बारा. यान कागदावर भिरभिरायचं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ग्रह नुसता मोठा असून भागत नाही आणि नुसता जड असूनही भागत नाही. तो किती जड आहे यावर ओढ ठरते, आणि तो किती लहान आहे यावर ठरतं की त्याच्या किती जवळ जाता येईल.

आणखी एक गोष्ट त्या सूत्रात मला दिसली, ती लिहू की नको असं होतंय. सरांनी वर्गात ते सूत्र फळ्यावर काढून दाखवलं होतं. एका बाजूला ग्रहाची ओढ, दुसऱ्या बाजूला फिरत राहायला लागणारी ओढ. दोन्ही बाजूंना फिरणाऱ्याचं वजन होतं. सरांनी खडूनं दोन्हीकडचं ते अक्षर खोडलं आणि पुढं गेले. बाकीच्यांनी उतरवून घेतलं. मी मात्र त्या खोडलेल्या अक्षरांकडे पाहत राहिलो. म्हणजे फिरणारा कोण आहे, केवढा आहे, काचेचा मणी की ज्वारीचा दाणा, हे सूत्र विचारतच नाही. वर्गात इंग्रजी शाळांतून आलेली मुलं होती, डॉक्टरांची, वकिलांची. मी त्यांच्यासमोर तोंड उघडायला भ्यायचो. आकाशात तसं काही नव्हतं. त्या दिवशी मला बरं वाटलं. पण बरं वाटलं म्हणून उत्तर बरोबर येत नाही, हेही लक्षात होतं.

खेळात मी सारखा हरायचो. श्रीनिवासचा मणी पुढं असला की त्याला गाठायला मी बाहेरच्या वर्तुळावर उडी मारायचो, आणि तिथं जाऊन आणखी मागं पडायचो. तो दर वेळी तेच सांगायचा, गाठायचं असेल तर आत जा, आत. मला ते कळायचं, आणि पाळी आली की बोट बाहेरच जायचं.

*

मार्चच्या सुरुवातीला डब्यात कणीस आलं.

प्रॅक्टिकल परीक्षेला आठ दिवस राहिले होते. मी ते कणीस हातात धरून स्टँडवर उभा राहिलो. न जाण्याचा प्रश्न नव्हता. दुपारची गाडी धरून गावी गेलो. आप्पा खळ्यावरच होते. जमीन भिजवून, बडवून, शेणानं सारवून आरशासारखी केलेली, मध्ये मेढ, आणि पात चालू. आमचे दोन बैल, सावडीनं, म्हणजे त्यांच्या खळ्याला आमचे आणि आमच्याला त्यांचे अशा रीतीनं, आणलेले शेजाऱ्यांचे दोन. मेढीजवळ म्हातारा चांद्या, कडेला तांब्या. सगळ्यांच्या तोंडाला मुसकी. तांब्याच्या तोंडून फेस गळत होता.

आप्पांनी मला पाहिलं, चाबूक माझ्या हातात दिला आणि स्वतः मळलेलं धान्य वाऱ्यावर उफणायला गेले. मी पातीमागं चालू लागलो. एक फेरा, दोन फेरे. पायाखाली कणसं मऊ होत जातात, भूस वर उडतं, उन्हात सोनेरी दिसतं, आणि फिरून फिरून माणसाच्या डोक्यात एक झापड येते. त्या झापडेत मला तो चौकटींचा कागद दिसू लागला. चांद्या चाराच्या वर्तुळावर, तांब्या सोळाच्या. आणि सूत्र म्हणत होतं की चांद्यानं पळायला हवं. म्हातारा, गुडघ्यात वाकलेला चांद्या. मला एकाएकी इतकं निराश वाटलं की मी थांबलो. बैलही थांबले.

आप्पा आले. काय झालं म्हणाले. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना अभ्यासातलं काही सांगितलं. म्हटलं, पुस्तकात लिहिलंय की वर आभाळात जे फिरतात त्यांच्यात जवळचा जोरात पळतो आणि लांबचा सावकाश. इथं उलटं दिसतं. मी हेच लिहिलं म्हणून गेल्या वर्षी गेलो.

मला वाटलं होतं ते म्हणतील, मला काय कळतंय त्यातलं. ते खाली बसले. पातीकडं पाहत राहिले. चांद्याच्या पाठीवरचं भूस हातानं झाडलं. मग म्हणाले, "हितं चारीबी एका दाव्यात हायती. म्हनून समद्यांचा फेरा संगंच पुरा हुतोय. कडंचा पळतोय त्यो काय हौसेनं व्हय? दावं वडतंय त्येला." त्यांनी वर पाहिलं, जणू तिथं काही दिसणारच होतं. "तितं कुनी जुपलंय त्यास्नी एका दाव्यात?"

मी चाबूक खाली ठेवला.

"दावं सोड आनि बग," आप्पा म्हणाले. "ज्येची त्येची चाल ऱ्हाती. मेढीजवळचा मेढीच्या मानानं, लांबचा लांबच्या."

मी खरंच पाहत होतो. तेच खळं, तेच बैल. पण मला पहिल्यांदाच ते दावं दिसलं. वीस वर्षं मी बैल पाहत आलो होतो, दावं पाहिलं नव्हतं. आकाशात प्रत्येकाची ओढ थेट मेढीशी. शेजाऱ्याशी त्याला काही बांधलेलं नाही. जवळच्याला ओढ जास्त, म्हणून पडायचं नसेल तर त्याला वेगानं जावं लागणार. लांबच्याला ओढ कमी, त्याला सावकाश चाललं तरी भागतं. इतकं साधं. मी कागदावर पन्नास वेळा मूळ काढलं होतं, पण ते माझं झालं ते तिथं.

मी पुन्हा चाबूक उचलला तर आप्पांनी तो काढून घेतला. "कळलं न्हवं? मंग हितं उगं फिरू नगं. चारची यष्टी हाय." मी म्हटलं, माणूस कमी आहे. ते म्हणाले, "कमीच ऱ्हानार हाय आता. त्येची सवय मला करू दे."

हे बोलताना ते माझ्याकडं पाहत नव्हते, तांब्याचं मुसकं घट्ट करत होते. मी चारच्या गाडीनं परत आलो. अंगावरचं भूस खाजत होतं आणि खिडकीतून मला शेवटपर्यंत ती पात दिसत असल्यासारखं वाटत होतं.

*

प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक होते. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. प्रयोग कसाबसा झाला. तोंडी परीक्षेत त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी इंग्रजीत दोन शब्द बोललो आणि अडकलो. ते म्हणाले, मराठीत सांगा. मग त्यांनी प्रश्न बदलला. चंद्र आत्ता आहे त्याहून जवळ आणला तर महिना लहान होईल की मोठा?

मी म्हणालो, लहान होईल. का? वाट कमी होईल म्हणून, आणि वेगही वाढेल म्हणून. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, वेग कसा वाढेल? आतला सावकाश चालतो आणि बाहेरचा जोरात, असं नाही का आपण पाहत?

माझ्यापुढं सूत्र नव्हतं. खळं होतं. पण आता त्या खळ्यात दावंही होतं.

"एका दाव्यात बांधलेले असतील तर तसं, सर," मी म्हणालो. "चंद्राला कुणाबरोबर जुंपलेलं नाही."

त्यांनी गुणांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"तुमच्याकडे मेढीजवळ कुठला बैल बांधतात?"

"म्हातारा, सर."

"आमच्याकडेही," ते म्हणाले, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

लेखी पेपरातही तसा एक प्रश्न आला. मी आधी सूत्र लिहिलं, मग गणित केलं, मग उत्तर, आणि पुन्हा एकदा डोळे मिटून दावं सुटलेलं पाहिलं. जूनमध्ये निकाल लागला. पास. दुसरा वर्ग. घरी कळवायला मी रिकाम्या डब्यात एक पेढा ठेवून डबा गाडीनं पाठवला. आईनं नंतर सांगितलं, आप्पांनी तो निम्मा मोडून चांद्याला चारला.

त्यानंतरच्या साली परीक्षेच्या दिवसांत डब्यात कणीस आलं नाही. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आप्पाच नको म्हणाले, त्याचं त्याला फिरू दे. आणि यंदाही आलं नाही. म्हणजे खळं लागलं आहे, माणूस कमी आहे, आणि मला कळवायचं नाही असं ठरलेलं आहे.

*

श्रीनिवास दुसऱ्या वर्षानंतर कापडाचं शिक्षण घ्यायला इचलकरंजीला गेला. खेळ थांबला नाही. कागद माझ्याकडे आहे, तेलाच्या डागासकट, आणि एकेक चाल पोस्टकार्डानं जाते-येते. दोन वर्षांपूर्वी जे एका दुपारी व्हायचं त्याला आता महिना लागतो. कापसाभोवती फिरल्यासारखं. मला त्याची घाई नाही, त्यालाही नसावी.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे लगेच येतं. ग्रह आकसला, वजन तेवढंच राहिलं, माझं यान केंद्रापासून होतं तितकंच दूर आहे. मग वेगात काहीच फरक नाही. सूत्रात ग्रहाचा आकार नाहीच, केंद्रापासूनचं अंतर आहे. दूरवर फिरणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की आत काही लहान झालं. मी कार्ड घेतलं, एवढं लिहिलं, आणि पेन थांबलं.

आप्पा गेल्या पावसाळ्यात आजारी पडले होते. दिवाळीला गेलो तेव्हा त्यांचा सदरा त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा दिसत होता. चांद्या गेला. तांब्या एकटा आहे, आणि पेरा निम्म्याहून कमी केलाय, म्हणजे खळंही लहानच. मी चार दिवस राहिलो आणि परत आलो, आणि इथं माझं सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं. डबा येतो, डबा जातो. मी त्याच वाटेनं, त्याच चालीनं फिरतोय. मला काही कळलं नाही असं म्हणता येणार नाही. पण माझ्या चालीत फरक पडला नाही, हे खरं आहे.

लहानपणी आप्पांच्या जवळ जायला मी भ्यायचो. ते खूप मोठे होते. आवाज मोठा, खांदे मोठे, खळ्याच्या मध्ये उभे राहिले की मेढच वाटायचे. मी त्यांच्या भोवती लांबूनच असायचो. त्यांच्याशी मी नीट बोललो ते एकदाच, पात थांबवून.

परीक्षेला तीन आठवडे आहेत. मी हिशोब केला. एक दिवस गेला तर काही बुडत नाही. खरं तर हिशोब नंतर केला, चपला आधी घातल्या.

कार्डावर मी खाली एक ओळ वाढवली. "वेग तोच. पण ग्रह लहान झालाय, आता पूर्वीपेक्षा जवळ जाता येईल. माझी चाल: आत."

स्टँडवरच्या पेटीत कार्ड टाकलं. वळसंगची गाडी लागलेली होती. दुपारच्या फेरीलाही सकाळचाच नेहमीचा कंडक्टर होता. माझ्या हातात आजचा रिकामा डबा पाहून त्यानं हात पुढं केला, मी डबा दिला नाही, चढलो. त्याला आमची रीत माहीत आहे. इतकी वर्षं तोच तर ती वाहतोय. म्हणाला, "आज डब्यासंगं तुमी बी? कणीस आलं व्हय?"

"नाही आलं," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्यानं तिकीट फाडलं. मी डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो.